अक्ल आणि नक्ल : कलामशास्त्रातला वाद कसा वाचावा

इस्लामी श्रद्धातत्त्वांची युक्तिवादाने मांडणी करणाऱ्या शास्त्राला ‘कलाम’ म्हणतात. त्यातले वाद वाचताना ‘अक्ल’, म्हणजे बुद्धी, आणि ‘नक्ल’, म्हणजे परंपरेने हाती आलेले कुरआन आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) यांतले वचन, हे शब्द पदोपदी भेटतात. (आपले ‘अक्कल’ आणि ‘नक्कल’ याच शब्दांतून आले, ‘नक्कल’ला मराठीत चिकटलेला उणेपणा मात्र येथे बाजूला ठेवावा.) कलामातल्या संप्रदायांपैकी मुतझिला तेवढे बुद्धिवादी आणि त्यांचे विरोधक तेवढे ग्रंथप्रामाण्यवादी, अशी वाटणी करून वाचायला बसू नये, कारण अशअरी आणि मातुरीदी या विरोधी संप्रदायांचे पंडितही दोन्ही साधने वापरतात.

आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे. अशअरी परंपरेतील अल-जुवैनी (मृत्यू १०८५) यांनी श्रद्धाविषयांचे तीन वर्ग केले : केवळ बुद्धीने कळणारे, केवळ वचनाने कळणारे आणि दोहोंनी कळू शकणारे. ईश्वराचे अस्तित्व पहिल्या वर्गात येते. ते कुरआनाच्या आधाराने सिद्ध करू गेल्यास कुरआन ईश्वराचे वचन आहे हे आधीच गृहीत धरावे लागते. मरणोत्तर जीवनाचा तपशील दुसऱ्या वर्गात येतो, कारण तो अशक्य नाही एवढेच बुद्धी सांगू शकते.

खरी कसरत तिसऱ्या वर्गात आहे, आणि सरावासाठी परलोकात ईश्वराचे दर्शन घडेल का, हा प्रश्न घ्यावा. कुरआन ७५:२२-२३ (अध्याय ७५, वचने २२-२३) मध्ये त्या दिवशी काही चेहरे आपल्या प्रभूकडे पाहत असतील असे म्हटले आहे, तर ६:१०३ मध्ये दृष्टी त्याला गाठू शकत नाही असे आहे. मुतझिलांचे म्हणणे असे की, जे दिसते ते कोणत्या तरी दिशेला असते, ईश्वराला दिशा नाही, म्हणून पहिल्या वचनातील ‘पाहणे’ म्हणजे त्याच्या कृपेची वाट पाहणे होय. अशअरी उलट विचारतात की, दर्शन मुळातच अशक्य असते, तर ७:१४३ मध्ये मूसासारख्या पैगंबराने ते मागितले असते का? हा प्रतिवाद वचनावर उभा असला तरी त्याची चाल निखळ तर्काची आहे. म्हणून प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने दोन खुणा कराव्यात : आधार कोणता आणि त्या आधारातून निष्कर्ष काढणारे साधन कोणते.

बुद्धी आणि वचन यांत विरोध दिसल्यास लेखक काय करतो, हे त्यानंतर पाहावे. फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांचा नियम असा की, बुद्धीचा निश्चित निर्णय आणि वचनाचा वरवरचा अर्थ जुळत नसेल, तर त्या वचनाचा ‘तावील’, म्हणजे पर्यायी अर्थ, लावावा किंवा त्याचा खरा अर्थ ईश्वरावर सोपवावा, कारण पैगंबराची सत्यता पटते तीच मुळी बुद्धीने. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी या नियमाच्या खंडनासाठी अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. दोन निश्चित प्रमाणांत विरोध संभवतच नाही, आणि एक निश्चित व दुसरे अनुमानित असेल तर निश्चित ते स्वीकारावे, मग ते बुद्धीचे असो वा वचनाचे, असे ते म्हणतात. हे उत्तर मला अधिक काटेकोर वाटते, पण ‘निश्चित’ कशाला म्हणायचे यावर सगळे भांडण पुन्हा येऊन थांबते.

तावीलाची मुभा कोणाला, हा मुद्दा आल्यास कुरआनातील संदिग्ध वचनांविषयीचे ३:७ हे वचन काढून अनुवादकाने वाक्य कुठे तोडले आहे ते तपासावे. ‘त्याचा अर्थ ईश्वराशिवाय कोणी जाणत नाही’ येथे थांबले, तर ज्ञानी माणसे फक्त श्रद्धा ठेवणारी ठरतात; ‘आणि ज्ञानात पक्के असलेले’ येथवर वाचत गेले, तर तीही अर्थ जाणणारी ठरतात. तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी दुसरा पाठ धरून तत्त्वज्ञांसाठी तावीलाचा मार्ग मोकळा केला.