अन्नातील जैवरेणूंच्या चाचण्या : या चुका टाळा

हळदीत पीठ मिसळले आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकणे ही पहिली चूक होय. हळद म्हणजे जमिनीखालचे खोड. झाड आपला अन्नसाठा त्यात स्टार्चच्या रूपाने करून ठेवते. आयोडीन लागले की स्टार्च निळाकाळा होतो. त्यामुळे २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद कितीही निर्भेळ असली, तरी आयोडीनने ती काळसर पडणारच. दूध किंवा खवा यांच्यासाठी मात्र ही चाचणी योग्य आहे, कारण त्यांत मुळात स्टार्च नसतो. साताऱ्याचा कंदी पेढा तपासायचा असल्यास आधी त्यात वेलदोडा आहे का ते पाहावे, कारण वेलदोड्याच्या दाण्यांतही स्टार्च असतो. नमुना गरम असेल तर निळा रंग उमटतच नाही, म्हणून वाफाळता भात आधी निववावा.

प्रथिनांच्या चाचणीत हळद अधिक फसवते. या चाचणीत नमुन्यात प्रथम सोडियम हायड्रॉक्साइड घालतात आणि मग मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) विरल द्रावणाचे थेंब सोडतात. प्रथिने असल्यास जांभळा रंग येतो. परंतु फोडणीची आमटी घेतली, तर हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य सोडियम हायड्रॉक्साइडमुळे तांबूस होते आणि पुढे दिसलेल्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या परीक्षानळीत केवळ सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाहावे. तीही तांबडी झाली, तर तो नमुना बाजूला ठेवून हळद न घातलेल्या तूरडाळीचे पाणी घ्यावे. मोरचुदाचे थेंब हात आखडूनच घालावेत, कारण ते जास्त झाले की त्यांचा निळा रंग फिकट जांभळ्याला झाकून टाकतो आणि डाळीत प्रथिनेच नाहीत असा हास्यास्पद निष्कर्ष वहीत लिहिला जातो.

बेनेडिक्टच्या अभिकारकासह, म्हणजे ग्लुकोजसारख्या शर्करा ओळखणाऱ्या निळ्या द्रावणासह, तापवल्यावर तासगावच्या बेदाण्याचे पाणी विटकरी होते, पण साखरेचे पाणी निळेच राहते. अभिकारक खराब झाला असे समजून तो ओतून देऊ नये. बेदाण्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज मोकळे असतात. साखरेत ते एकमेकांना जोडलेले असतात. साखर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, खाण्याच्या सोड्याने आम्ल उदासीन केले, की तीही विटकरी रंग देते. सोडा घालण्याचे राहून गेले, तर चाचणी पुन्हा फसते.

मेदासाठी कागदावर चोळलेल्या शेंगदाण्याचा डाग वाळल्यानंतरच पाहावा, कारण ओल्या कागदावर पाण्याचा डागही तेवढाच पारभासक दिसतो.