हॉस्टेलात वीजबचतीची मोहीम काढताय? या चुका टाळा

पहिला फलक ठरलेलाच असतो: ‘आपल्याकडे कुणीच पंखे बंद करत नाही, लाज वाटू द्या!’ पोरं त्यातलं ‘कुणीच’ तेवढं उचलतात. कुणीच करत नाही, तर मीच का करू? त्यापेक्षा तास चालू असताना, साडेदहाच्या सुमाराला मजल्यावर चक्कर मारा. कुलूप लावलेल्या खोल्या किती आणि त्यांतल्या किती खोल्यांत दिवा-पंखा बंद आहे, ते मोजा. २४ पैकी १७ खोल्यांत बंद सापडले तर तेवढंच लिहा. आकडा फुगवलात तर लगेच पकडले जाल. शेजारच्या खोलीचा पंखा सगळ्यांनाच ऐकू येतो. निम्म्याहून कमी खोल्यांत बंद सापडले तर फलक लावूच नका. आधी चार खोल्या पटवा, महिन्यानं पुन्हा मोजा.

दुसरी लाडकी चूक म्हणजे नुसती सरासरी टांगणं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये घरोघरी दारावर चिठ्ठ्या लावल्या होत्या: तुमचा वापर इतका, शेजाऱ्यांची सरासरी इतकी. २००७ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की जास्त जाळणारे खाली उतरले, पण काटकसर करणारे चक्क वर चढले. ज्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढला होता, ते मात्र जागेवर राहिले. तेव्हा सरासरीखालच्या खोलीच्या चिठ्ठीवर पेनानं तो चेहरा काढाच. बालिश वाटेल, वाटू द्या.

विंगांमध्ये स्पर्धा लावणार असाल तर विंगचा सब-मीटर, म्हणजे फक्त त्या विंगची वीज मोजणारा मीटर, रोज रात्री दहालाच वाचा आणि आदल्या रात्रीच्या आकड्याशी येणारा फरक त्या रात्री हजर असलेल्या डोक्यांनी भागा. नाहीतर दिवाळीत रिकामी पडलेली विंग बक्षीस घेऊन जाते. पाण्याचा पंप त्याच मीटरवर असेल तर तुलनेला अर्थच नाही.

रिकाम्या चार्जरवरून रूममेटचं डोकं खाऊ नका. तो अर्धा वॉटही खात नाही. अर्धं युनिट व्हायला त्याला महिन्याहून जास्त लागतो. १५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड तेवढंच वीस मिनिटांत खातो, ७५ वॉटचा जुना पंखा सात तासांत. पहाटे बादलीत रॉड टाकून पुन्हा झोपणारा मित्र आधी गाठा. चारचौघांत नको, चहावर.

खोली क्रमांकासकट नावं ग्रुपवर टाकू नका. भांडणं होतात, वीज तशीच जळते.

रेक्टरच्या सहीचा फलक नोटीस ठरतो, त्यामुळे सह्या मजल्यावरच्या पोरांच्याच घ्या.

राहिली घाईची स्पर्धा. ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजात २००५ साली दोन आठवड्यांत वापर ३२ टक्क्यांनी उतरला, हे सगळे ऐकवतात. स्पर्धेआधीचा वापरही मोजला होता, हे कुणी सांगत नाही. निदान तीन आठवड्यांची नोंद वहीत असल्याशिवाय बक्षिसाचं नाव काढू नका.