नीरेचा डावा कालवा आणि घाट: सायकलच्या लांब फेरीची आखणी

नकाशावर कालव्याची निळी रेघ दिसली की वाटतं, चला, इथे तरी सपाट आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी पहिल्या फेरीला मीही तसंच समजले. कालवा समोच्च रेषा धरून जातो. चढत नाही, पण जाणवेल इतका उतरतही नाही. घाटात तासभर दमलात तर पलीकडे दहा मिनिटं पाय थांबवता येतात. कालव्यावर पेडल सोडलं की सायकल थांबते. माझी कंबर दिवे घाटात नाही, वीर धरण ते नीरा गाव या कालव्याच्या पट्ट्यात गेली.

म्हणून आखणी नद्यांच्या खोऱ्यांवरून करा. माझी फेरी अशी: हडपसर, दिवे घाट, सासवड, परिंचे, वीर धरण, तिथून डाव्या कालव्याने नीरा गाव, पूल ओलांडून लोणंद, मग शिरवळ, भोर, कापूरहोळ, नारायणपूर, पुन्हा सासवड आणि दिवे घाट. दिवे घाट चढलात की मुठेच्या खोऱ्यातून कऱ्हेच्या खोऱ्यात येता. सासवडनंतर पुरंदरची रांग ओलांडून नीरेच्या खोऱ्यात उतरता. येताना तीच रांग कापूरहोळच्या बाजूने चढायची, तीही दीडशे किलोमीटर झाल्यावर. एकूण अंतर १९० ते २००, किती वेळा वाट चुकता त्यावर.

उलट दिशेने जायचा मोह होईल. जाऊ नका. कालवा सकाळी, डोकं ताजं असतानाच उरकावा, कारण तिथे चाकाखाली बघत राहावं लागतं. शिवाय लोणंद ते शिरवळ तोंड पश्चिमेला असतं आणि उन्हाळा लागला की दुपारी समोरून वारा सुटतो. मी अकराच्या आत लोणंद सोडते.

किलोमीटर मोजू नका, घड्याळ मोजा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तास देतात. मी बावन्न वर्षांची, मला चहाही लागतो, म्हणून मी साडेचौदा धरते. डांबरी रस्त्यावर ताशी २०, कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर १२, घाटात ८. पहाटे साडेचारला निघून साडेआठला वीर, सव्वादहाला नीरा, पाऊण वाजता शिरवळ, तीनला कापूरहोळ. या वेळा कागदावर लिहून वर चिकटपट्टी लावून मी दांड्याला बांधते. तासाभराने मागे पडले की भोर गाळायचं. मग शिरवळहून हायवेने सारोळ्याचा पूल ओलांडून थेट कापूरहोळ. हायवेवरचे ट्रक मला आवडत नाहीत, पण अंधारात नारायणपूरचा चढ त्याहून नकोसा.

आता कालवा. हा १८८५ सालचा. भाटघर धरणाचं पाणी नदीतून वीरला येतं आणि तिथून कालव्यात वळतं. काठाचा सेवारस्ता सायकलींसाठी केलेला नाही, पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी आहे. निघण्याआधी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, चालू आहे का हे वीरमध्ये कुणालाही विचारा. पाणी सुटलेलं असेल तर कुठेतरी पाझरून रस्त्यावर चिखल झालेला असतोच. एकदा सप्टेंबरात, पाऊस उघडला म्हणून मी निघाले. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसली की मागचं चाक फिरेना. काडीने उकरत, ढकलत तीन किलोमीटर चालले. तेव्हापासून नोव्हेंबरच्या आधी मी जात नाही. नोव्हेंबरनंतर उसाची तोडणी असते. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागचं त्याला काही दिसत नाही. सरळ उतरून कडेला उभं राहायचं, पण पाण्याच्या बाजूला नाही. काठ निसरडे असतात, आत गेलेल्याला बाहेर यायला धरायला काही नसतं.

दुसरा शत्रू सराटे, जमिनीलगतच्या वेलीचे काटे. मांडकीच्या अलीकडे एका पाटकऱ्याने, म्हणजे कालव्याच्या पाण्याची राखण करणाऱ्याने, मला हात करून थांबवलं होतं. ‘बाई, टायर बघा की, सराटं बसल्यात.’ मोजले तर अकरा. तिथेच ट्यूब बदलली, घाईत टायर आतून तपासलं नाही आणि दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली. टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. काटा अडकला की भुवयांच्या चिमट्याने काढा. हा चिमटा माझ्या पिशवीत पान्यांच्या आधी जातो. ट्यूब तीन, शिवाय पॅच. टायर ३५ मिलिमीटरचे, आणि मागे ३२ दात्यांचं मोठं चक्र, नाहीतर नारायणपूरला चालत जाल.

फेरी सोडायची वेळ आली तर लाज वाटून घेऊ नका. नीरा आणि लोणंद दोन्ही पुणे–मिरज रेल्वेमार्गावर आहेत. गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री बघून त्याच कागदावर लिहा. लोणंदनंतर रेल्वे नाही. म्हणजे खरा निर्णय लोणंदलाच घ्यायचा, शिरवळला नाही.

खाण्याचं थोडक्यात: गूळ-शेंगदाणे, दोन दशम्या, मीठ-साखरेचं पाणी. नीरेच्या बाजूला रसवंत्या बोलावतात. तिथे प्या हवं तर, पण कापूरहोळला चढाच्या तोंडावर उसाचा रस नको, पोटात ढवळतं.

तारीख ठरवताना कॅलेंडर भिंतीवरचं बघा. पालखीच्या दिवशी दिवे घाट आपला नसतो. माघात वीरला म्हस्कोबाची यात्रा असते, दत्तजयंतीला नारायणपूरला पाय ठेवायला जागा नसते. रविवारी केतकावळ्याच्या बालाजीकडे जाणाऱ्या गाड्या वळणावरही ओव्हरटेक करतात, त्यामुळे मी शनिवारची रजा टाकते.

परतताना सासवडला चहा घेण्याआधी ब्रेकची रबरं बघा. कालव्याची माती त्यांत बसलेली असते आणि दिवे घाटाचा उतार तुम्हाला अंधारात मिळणार आहे. पुढचा दिवा, मागचा दिवा, दोन्ही लावा. मस्तानी तलावाच्या बाजूला बघायला मान वळवायची नाही. तो पहाटे चढताना बघून झालेला असतो.