क्रिप्टोचं अ‍ॅप चोपड्याच्या काकांना जमेल असं कसं बनवायचं

वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं आणि पाठवायचं अ‍ॅप, किंवा तसलं काही टूल बनवत असाल तर आधी एक काम करा, घरातल्याच कोणाच्या तरी हातात फोन द्या आणि शेजारी गप्प बसा. मी चोपड्याला, जळगाव जिल्ह्यात, आमच्या काकांना दिला. केळीवाले आहेत, यूपीआय रोजचं, व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस पण व्हॉट्सअ‍ॅपवरच चालते, म्हणजे फोनला घाबरणारा माणूस नाही. पहिल्याच स्क्रीनवर बारा इंग्रजी शब्द आले. "हाई काय शे रे?" मी काहीच बोललो नाही. मग त्यांनी स्क्रीनशॉट काढला आणि सरळ फॅमिली ग्रुपवर टाकला, वर लिहिलं "सांभाळून ठेवा रे". आता ते बारा शब्द म्हणजे वॉलेटची चावी, ज्याच्या हाती लागले, पैसे त्याचे! नशीब वॉलेट रिकामं होतं.

काकांची चूक नाही भो. ते बारा शब्द ज्या 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात ती इंग्रजीत आहे, जपानी, कोरियन, अगदी चेक भाषेत पण आहे, मराठी-हिंदीत नाही. म्हणून सुरुवातीला ते शब्द दाखवूच नका. पासकीवालं, म्हणजे पासवर्डशिवाय बोटाच्या ठशावर उघडणारं खातं द्या, थोडेच पैसे ठेवू द्या, आणि रक्कम वाढली की मग रिकव्हरीचं, म्हणजे फोन हरवला तर खातं परत कसं मिळवायचं ते विचारा. इथेरियम नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवर मार्च 2023 पासून ईआरसी-4337 या तांत्रिक नियमामुळे हे करता येतं, पण हा आकडा तुमच्यापुरता ठेवा. काकांना लॉकर माहितीये, बँकेची एक चावी आणि आपली एक, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. तसंच सांगा, की तीन चाव्या आहेत, एक तुमच्या फोनमध्ये, एक मुलाकडे, एक कपाटात कागदावर, कुठल्याही दोन लागतील. जळगावला सोनं घेणाऱ्या घरात हे एका मिनिटात कळतं.

आता शब्द. "गॅस फी", म्हणजे व्यवहारामागे नेटवर्कला द्यायचे पैसे, हे वाचून काकूने विचारलं, सिलेंडरचं बुकिंग पण यातच होतं का. "नेटवर्क खर्च" लिहा, जमलं तर पहिले काही व्यवहार तुम्हीच भरा. रक्कम रुपयात मोठी दाखवा, 0.00041 असलं काही खाली बारीक अक्षरात. एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी होतात हे ऐकायला भारी वाटतं, पण क्विंटलच्या भावात विचार करणाऱ्या माणसाला शून्यानंतरची शून्यं मोजायला लावू नका. आणि पत्ता, म्हणजे पैसे ज्यावर पाठवायचे तो खाते नंबरसारखा कोड, 42 अक्षरांचा. लोक पहिली चार आणि शेवटची चार बघून पाठवतात, चोरटे नेमके तसेच दिसणारे पत्ते बनवून हिस्ट्रीत घुसवतात. म्हणून सेव्ह केलेलं नाव दाखवा, नवीन पत्ता असेल तर आधी थोडे पैसे पाठवून बघायला सांगा, आणि पाठवलेलं परत येत नाही हे बटण दाबायच्या आधी मोठ्या अक्षरात मराठीत लिहा.

अ‍ॅप लोकांपर्यंत न्यायला पार्टनर पण लागतात. पार्टनरशिप म्हटलं की लोकांना हार-तुऱ्यांचा फोटो आठवतो. यूपीआय 2016 ला आलं पण आमच्याकडे रुळलं ते चहावाल्याच्या काउंटरवर क्यूआर चिकटला तेव्हा. तुम्हालापण तसाच माणूस लागतो, गावातला मोबाईल रिचार्जवाला, जो अडलं तर दोन मिनिटं बघून देईल. त्याला मदतीचे पैसे द्या, माणूस जोडल्याचं कमिशन बिलकुल देऊ नका. आमच्याकडे पतसंस्थांत पैसे अडकलेली घरं खूप आहेत, साखळी योजनांत पोळलेली पण. "दोन जोडा, बोनस घ्या" म्हटलं की लोक दार लावतात, आणि बरोबरच करतात. फुकट वाटून पण होत नाही, एल साल्वाडोर देशाच्या सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःच्या चिवो वॉलेटवर 30 डॉलरचं बिटकॉइन वाटलं, बऱ्याच लोकांनी ते खर्च केलं आणि अ‍ॅप सोडून दिलं.

दुसरा पार्टनर सीए. क्रिप्टोत 2022 पासून नफ्यावर 30 टक्के टॅक्स, विकताना ठरावीक मर्यादेच्या वर 1 टक्का टीडीएस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. हे ऐकून अर्धे लोक उठून जातील, जाऊ द्या, मार्चमध्ये शिव्या खाण्यापेक्षा बरं. सीएला एका क्लिकवर हिशोब निघेल असं स्टेटमेंट द्या. खरेदी-विक्रीसाठी एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाकडे, नोंदणी असलेलाच एक्सचेंज जोडा. आणि क्रिप्टो म्हणजे रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया नाही हे पहिल्याच पानावर लिहा, कारण रिचार्जवाला स्वतःच गोंधळतो.

हे सगळं झालं की पंधरा दिवस काकांना फोन करू नका. मग जा, चहा घ्या, आणि त्यांनी तुमच्याशिवाय अ‍ॅप उघडलं होतं का ते बघा. आमच्या काकांनी दोनदा उघडलं होतं, दुसऱ्यांदा भाव बघायला, बिटकॉइनचा नाही, त्यांना वाटलं त्यात केळीचा पण येत असेल. ते फीचर आता यादीत घेतलंय.