क्रमांक तोच ठेवून कंपनी कशी बदलावी

२०१६ मध्ये जिओ आल्यावर दरयुद्ध पेटले खरे, पण ग्राहकाच्या हातचे हत्यार म्हणजे २०११ पासून देशभर मिळालेली पोर्टिंगची, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झाले असतील आणि पोस्टपेडची थकबाकी नसेल, तर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक १९०० वर एसएमएस करावा. उत्तरादाखल येणारा आठ अक्षरी कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो आणि तो बहुतेक राज्यांत चारच दिवस चालतो. म्हणून नव्या कंपनीचे नेटवर्क घरातल्या आतल्या खोलीत, शेजाऱ्याच्या फोनवर का होईना, आधी तपासावे. जुने सिम सिग्नल जाईपर्यंत काढू नये. प्रीपेडची शिल्लक सोबत येत नाही, त्यामुळे वर्षभराचे रिचार्ज नुकतेच केले असेल तर थांबावे.