दिलेल्या ऑर्डरचा ग्रुप सिंपल नाही, हे सायलोच्या प्रमेयांनी कसं दाखवायचं

‘ऑर्डर ३६ चा कोणताही ग्रुप सिंपल नसतो, हे सिद्ध करा.’ अल्जेब्राच्या पेपरात असा प्रश्न हमखास येतो. (ऑर्डर म्हणजे ग्रुपातल्या घटकांची संख्या; सिंपल म्हणजे आयडेंटिटी आणि अख्खा ग्रुप सोडून ज्यात नॉर्मल, म्हणजे कॉन्ज्युगेशनने न बदलणारा, सबग्रुप नाही असा ग्रुप.) नॉर्वेच्या लुडविग सायलो यांनी १८७२ साली प्रसिद्ध केलेली प्रमेयं पाठ असूनही अनेक जण इथे अडतात, कारण प्रमेय माहीत असणं वेगळं आणि कुठलं हत्यार आधी काढायचं हे कळणं वेगळं. तो क्रम ठरलेला आहे.

आधी दोन सोप्या गोष्टी बाजूला काढू. ऑर्डर मूळसंख्या असेल तर ग्रुप सिंपलच असतो. ऑर्डर एकाच मूळसंख्येचा घात असेल (८, ८१ वगैरे) तर सायलो काहीच सांगत नाही, कारण सायलो सबग्रुप (ज्याची ऑर्डर म्हणजे ग्रुपच्या ऑर्डरमधला त्या मूळसंख्येचा सगळा घात) म्हणजे अख्खा ग्रुपच. तिथे सेंटर (सगळ्या घटकांशी कम्यूट होणाऱ्या घटकांचा नॉर्मल सबग्रुप) आयडेंटिटीपेक्षा मोठं असतं, हे वापरायचं.

आता मुख्य काम. ऑर्डरचे मूळ अवयव पाडा. मूळसंख्या प चा सगळा घात काढून उरलेल्या भागाला म म्हणू आणि सायलो प-सबग्रुपांच्या संख्येला सं(प). सं(प) ने म ला भाग जातो आणि सं(प) ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. म चे सगळे विभाजक कागदावर लिहा आणि बाकी न जुळणारे खोडा. सुरुवात सगळ्यात मोठ्या मूळसंख्येपासून करा, कारण तिथे बहुतेक विभाजक लगेच गळतात. फक्त १ उरला तर तो सबग्रुप नॉर्मल (सायलो प-सबग्रुप कॉन्ज्युगेशनने एकमेकांतच जातात, आणि इथे तो एकटाच आहे), आणि काम संपलं.

एकापेक्षा जास्त पर्याय उरले तर घटक मोजा. ऑर्डर ५६ घ्या, म्हणजे ८ × ७. सं(७) एकतर १ किंवा ८. तो ८ आहे असं धरू. ऑर्डर ७ चे दोन वेगळे सबग्रुप फक्त आयडेंटिटीत भेटतात, म्हणून ऑर्डर ७ चे घटक ८ × ६ = ४८. उरले ८. सायलो २-सबग्रुपात नेमके ८ घटक लागतात आणि त्यांतला एकही ४८ मधला नसतो, म्हणजे तो सबग्रुप एकच, आणि म्हणून नॉर्मल. ऑर्डर ३० ला तर बेरीजच ओसंडते: सं(५) = ६ आणि सं(३) = १० धरले तर २४ + २० = ४४.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते याच मोजणीत. सायलो सबग्रुपाची ऑर्डर नुसती प असेल तरच ‘फक्त आयडेंटिटीत भेटतात’ हे आपोआप खरं असतं. ऑर्डर ४, ८ किंवा ९ असेल तर नाही. ३६ साठी सं(३) = ४ धरून ‘४ × ८ = ३२ घटक’ असं लिहिणाऱ्यांनी ए४ (चार वस्तूंच्या सम परम्युटेशनांचा ग्रुप) आणि ऑर्डर ३ चा सायक्लिक ग्रुप यांचा गुणाकार तपासून पाहावा. तिथे ऑर्डर ९ चे चारही सबग्रुप तो ऑर्डर ३ चा सबग्रुप सामाईक धरतात. आयडेंटिटी सोडून घटक भरतात २ + ४ × ६ = २६.

मग ३६ चं काय? ॲक्शन वापरा. सं(३) = ४ असेल तर ग्रुप या चार सबग्रुपांवर कॉन्ज्युगेशनने ॲक्ट करतो, म्हणजे त्यांची अदलाबदल करतो, आणि एस४ मध्ये (चार वस्तूंच्या सगळ्या परम्युटेशनांच्या ग्रुपात) होमोमॉर्फिझम मिळतो. एस४ ची ऑर्डर २४, म्हणजे ३६ पेक्षा कमी. त्यामुळे कर्नलमध्ये (आयडेंटिटीवर जाणाऱ्या घटकांच्या नॉर्मल सबग्रुपात) आयडेंटिटीशिवाय काहीतरी आहेच. कर्नल अख्खा ग्रुप का नाही, हे वाक्य मात्र विसरू नका: ॲक्शन ट्रान्झिटिव्ह आहे (कुठलाही सबग्रुप कुठल्याही दुसऱ्यावर नेता येतो) आणि सबग्रुप चार आहेत. ऑर्डर २४, ४८ आणि ७२ याच वाटेने सुटतात.

युक्तिवाद लिहून झाला की तो ऑर्डर ६० वर चालवून बघा. ए५ सिंपल आहे, त्यात सं(५) = ६, सं(३) = १० आणि सं(२) = ५. तुमचा युक्तिवाद ६० लाही ‘सिंपल नाही’ म्हणत असेल, तर कुठेतरी नक्की भोक आहे.

कधी कधी सिमेट्रिक ग्रुप पुरत नाही. ११२ = १६ × ७ मध्ये सं(२) = ७ धरला, तर सिंपल ग्रुप एस७ मध्ये बसतो; पण ५०४० ला ११२ ने नि:शेष भाग जातो, विरोधाभास नाही. इथे एक पायरी पुढे जा. एस७ मध्ये बसलेल्या ग्रुपात विषम परम्युटेशन असेल, तर सम परम्युटेशनांचा इंडेक्स २ चा नॉर्मल सबग्रुप मिळतो, जो सिंपल ग्रुपात चालत नाही. म्हणून तो ए७ मध्येच बसायला हवा, आणि २५२० ला ११२ ने भाग जात नाही.

शेवटचं हत्यार सबग्रुपांच्या छेदाचं. १४४ = १६ × ९; सं(३) = १, ४ किंवा १६. चारची वाट एस४ ने बंद होते. सोळा असतील आणि कुठलेही दोन फक्त आयडेंटिटीत भेटत असतील, तर १६ × ८ = १२८ घटक जातात, १६ उरतात आणि सायलो २-सबग्रुप एकच ठरतो. नाहीतर कुठल्या तरी दोघांचा छेद ऑर्डर ३ चा आहे. ऑर्डर ९ चे ग्रुप आबेलियन असतात, म्हणून त्या छेदाच्या नॉर्मलायझरमध्ये (ज्यांच्या कॉन्ज्युगेशनने छेद बदलत नाही अशा घटकांच्या सबग्रुपात) दोघेही पूर्ण सामावतात. नॉर्मलायझरमध्ये सायलो ३-सबग्रुप एकाहून जास्त, म्हणजे ४ किंवा १६. त्यामुळे त्याची ऑर्डर ३६ च्या पटीत येते: ३६, ७२ किंवा १४४. १४४ असेल तर छेदच नॉर्मल. बाकी दोन्हींत इंडेक्स ४ किंवा २, आणि कोसेटांवरच्या ॲक्शनचा कर्नल हवा तो नॉर्मल सबग्रुप हाती देतो.