घंटागाडी येण्याआधी घरात काय काय तयार हवं

जळगावात नवं घर घेतलं, किंवा मुलांच्या शाळेसाठी चोपडा-पारोळ्याकडून येऊन भाड्याने राहिलात, की दूधवाला कोण, नळाला पाणी कधी, गॅसचं कार्ड कुठे बदलायचं ही चौकशी पहिल्याच दिवशी होते. घंटागाडीची आठवण मात्र मोरीतली पिशवी वास मारायला लागली की येते. ती चौकशीही पहिल्याच दिवशी करा, आणि शेजारच्या काकूंकडे करा. गाडी किती वाजता येते, रविवारी आणि सणाला येते का, गल्लीत आत शिरते की कोपऱ्यावर उभी राहते, ओला-सुका एकाच फेरीत नेतात की सुक्याचा वार वेगळा आहे, हे चार प्रश्न पुरे. आपल्या वॉर्डाच्या मुकादमाचा नंबर कोणाकडे आहे तेही विचारा आणि लगेच मोबाइलमध्ये टाका. गाडी दोन दिवस फिरकली नाही की शोधाशोध होते ती याच नंबराची.

सकाळी घरात कोणीच नसेल तर खालच्या मजल्यावरच्या घराशी बोलून ठेवा. झाकणाची बादली त्यांच्या ओट्याशी ठेवली तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पण बादली रोज धुतलेली हवी आणि ओल्यातून पाणी गळता कामा नये. ‘गाडी उनी वं माय!’ अशी हाक मारणारी एखादी आजी गल्लीत असतेच. तिची ओळख करून घ्या, भोंग्यावरच्या गाण्यापेक्षा ती भरवशाची.

आता घरातली मांडणी. गाडी दाराशी मिनिटभरही थांबत नाही. त्या मिनिटात वेगळं करायला गेलात तर काहीच वेगळं होत नाही, म्हणून सगळं काम आदल्या दिवशी स्वयंपाकघरात व्हायला हवं. ओट्याखाली ओल्यासाठी झाकणाची बादली, ओट्यापासून लांब, शक्यतो गॅलरीत किंवा जिन्याखाली, सुक्यासाठी मोठी गोणी, न्हाणीघरात एक छोटा झाकणाचा डबा आणि कपाटावर मुलांच्या हाताला न लागणारा एक डबा. गोणी ओट्यापासून लांब ठेवायला कारण आहे. चहाचा चोथा एकदा वर्तमानपत्रावर सांडला की ती रद्दी रद्दीवाल्याच्या कामाची राहत नाही, आणि भाजीचा रस लागलेली पिशवी पुढे निवडणारी बाईसुद्धा बाजूला टाकते. माझ्या मते वर्गीकरणाचे लांबलचक तक्ते भिंतीला लावण्यापेक्षा एकच गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसवावी: कोरडं ते कोरडंच राहिलं पाहिजे. बाकी आपोआप जमतं.

ओल्याच्या बाबतीत खेड्यातून आलेल्यांना काही शिकवायची गरज नाही. घरामागे उकिरडा असलेल्या माणसाला काय कुजतं आणि काय नाही हे ठाऊक असतं. सालं, देठं, खरकटं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, मटणाची हाडं, माशाचे काटे, शिळी भाकरी, सुकलेली फुलं हे सगळं ओल्यात. अडचण येते ती उन्हाळ्याची. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला की रात्रीचं खरकटं सकाळपर्यंत आंबून बसतं आणि आंब्याच्या सालांवर चिलटं घोंगावतात. त्यासाठी बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राची दुमडलेली घडी आणि वर मूठभर वाळका पाला. भाजी-आमटीचं पाणी आधी चाळणीत निथळून घ्या. वास मारतो तो त्या पाण्याने, सालांचा त्यात फारसा दोष नसतो. केळीच्या मुलखात राहतो म्हटल्यावर घडाचा दांडा आणि सत्यनारायणाचे खुंट घरात येणारच. ते अख्खे देऊ नका, कोयत्याने वीतभर तुकडे करून द्या.

ओला कचरा पिशवीत गाठ मारून मात्र कधीच देऊ नका. ती गाठ पुढे कोणीतरी हाताने फोडतो, आणि गाडी चुकली म्हणून पिशवी कोपऱ्यावर ठेवली तर गाय पिशवीसकट खाते. बादली थेट गाडीच्या ओल्या कप्प्यात उलटी करायची, घडी निघून जाते, बादली धुवायची, झालं. महाराष्ट्रात २०१८ पासून हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे ‘मग बादलीला आतून लावायचं काय’ हा प्रश्न कागदाच्या घडीनेच सोडवावा.

सुक्यात थोडं लक्ष द्यावं लागतं, पण पैसेही यातच आहेत. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा पुढे कुठल्याच निवडीत सापडत नाही आणि गटारीत जातो. पिशवी विसळायला ताजं पाणी लागत नाही. एकाआड एक दिवस नळ येणाऱ्या गल्लीत ते परवडणारही नाही. भांडी घासून झाल्यावर शेवटच्या पाण्यात पिशव्या बुडवायच्या आणि दोरीवर चिमट्याने लटकवायच्या. तेलाची पाकिटं आधी कागदाने पुसा. बाटल्यांची झाकणं काढून बाटली चेपा, नाहीतर गोणी हवेनेच भरते. पुठ्ठ्याची खोकी उघडून सपाट करा. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या, जाड प्लास्टिक हे भंगारवाल्यासाठी वेगळं काढलंत तरी चालतं, तोही शेवटी त्याच साखळीतला माणूस आहे. जळगावच्या प्लास्टिक चटया सगळीकडे जातात, आणि त्या धंद्यात भंगारातल्या प्लास्टिकचा दाणा वापरला जातो. म्हणजे स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकला गिऱ्हाईक आपल्याच एमआयडीसीत आहे. वेफर्स-कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं मात्र भंगारवाला घेत नाही. आतून प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असल्यामुळे ती वेगळी करता येत नाहीत. ती गोणीतच राहू द्या आणि गाडीच्या सुक्या कप्प्यात द्या. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा.

न्हाणीघरातला डबा सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांच्या डायपरसाठी. प्रत्येक पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल पेनाने ठिपका किंवा फुली मारून वेगळं द्यायचं, म्हणजे गाडीवरच्या माणसाला न उघडता कळतं. घरात म्हाताऱ्या माणसांचे डायपर असतील तर तेही असेच. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार झाले, सॅनिटरी कचरा स्वतंत्र आला. तेव्हा हा डबा आता हौसेचा राहिलेला नाही.

कपाटावरचा डबा सावकाश भरतो. मुदत संपलेल्या गोळ्या, रिमोटचे सेल, सीएफएल बल्ब, रंगाचे उरलेले डबे, ढेकणाचं औषध. सीएफएलमध्ये पारा असतो, तो फोडू नका. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि बाटली भरल्यावर बंद करून वेगळी सांगून द्या. मोकळी सुई गोणीत टाकली तर ती थेट कोणाच्या तरी तळहातात जाते. जुना मोबाइल, फुगलेली बॅटरी, पॉवर बँक यांना ओल्या-सुक्या कशातच टाकू नका. लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेते आणि गाडीत कचरा दाबलाच जातो. मोबाइलच्या दुकानात विचारा, किंवा ई-कचरा गोळा होईल त्या दिवसाची वाट पाहा. तोवर डबा कोरड्या जागी राहू द्या.

अंगण किंवा गच्ची असेल तर ओल्याचं खत घरीच करता येतं. आपल्याकडे फाल्गुनात कडुलिंबाचा पाला ढिगाने गळतो, तो पोत्यात भरून ठेवला की वर्षभराची बेगमी होते. एक थर ओलं, एक थर पाला. कोकणातली माणसं खत जास्त ओलं होतं म्हणून कुरकुरतात, इथे उलट ते वाळून जातं, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून पाण्याचा हबका मारायचा आणि कुंडी सावलीत सरकवायची. जागा नसेल तर या भानगडीत पडू नका, गाडीला द्या.

सणासुदीची तयारी वेगळी करावी लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि पुरणपोळी म्हटल्यावर कोयींचा ढीग होणार, त्या दिवसासाठी शेजाऱ्याची एक जादा बादली मागून ठेवा. कानबाईच्या, म्हणजे खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीच्या, रोटाच्या प्रसादाची काळजी नाही, तो भाऊबंदांतच संपवायचा असतो. फुलं, पत्री मात्र नदीत न सोडता निर्माल्य म्हणून वेगळी द्या आणि त्यातला दोरा, प्लास्टिकची झालर आधी काढा. थंडीत भरीत पार्टी ठरली तर केळीची पानं सांगा. थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे आणि भरीत-भाकरी पानावरच शोभते. वांगी भाजलेल्या काड्यांची राख पूर्ण गार झाल्याशिवाय कुठल्याही डब्यात टाकू नका, वरून विझलेली दिसते आणि आत निखारा असतो. शंभरापेक्षा जास्त माणसं जेवायला असतील, बारसं असो की साखरपुडा, तर २०१६ च्या नियमांपासून निदान तीन कामाचे दिवस आधी नगरपालिकेला किंवा महापालिकेला कळवायचं आहे आणि तिथला कचरा वेगळा करून द्यायचा आहे. केटररशी बोलताना हे आधीच ठरवा, पंगत उठल्यावर त्याची माणसं सगळं एकाच टपात लोटतात.

काही वस्तू घंटागाडी घेत नाही, त्यांच्यासाठी उगाच वाद घालू नका. न्हाणीघराच्या फरशा फोडल्या तर त्याचा राडारोडा मिस्त्रीच्या हिशेबात आधीच धरा. जुनी गादी, सोफा यांसाठी मुकादमाला फोन करा. झाडलेला पाला पेटवून द्यायची सवय मात्र गावीच सोडून या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये भुर्दंड ठरवून दिला आहे.

भाड्याने राहत असाल तर घरपट्टीच्या बिलात कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क लागून येतं का, आणि ते घरमालक भरणार की तुम्ही, हे करारनाम्याच्या वेळीच विचारून घ्या. गाडीवरच्या माणसांनी रोज पैसे मागायचे नसतात. दिवाळीला फराळाची पिशवी आणि उन्हाळ्यात गार पाण्याचा तांब्या द्यायचा की नाही, हे आपल्या घराचं आपण ठरवावं.

सुट्टीत गावी जाताना निघायच्या सकाळी फ्रिजमधली भाजी, उरलेलं दूध आणि ओल्याची बादली रिकामी करा. गाडी त्या दिवशी आली नाही तर ओलं तेवढं शेजारच्यांकडे सांगून ठेवा, बादली धुऊन उन्हात पालथी घाला. सुक्याची गोणी घरात राहिली तरी काही बिघडत नाही.